सायकलीच्या गावाला मेस्त हवा

पणजीत सांतिनेजला मुख्य रस्ता सोडून आत वळलं की एका जुन्या घराच्या पडवीला लागून, निम्मं फुटपाथवर, सायकल दुरुस्तीचं एक ठिकाण आहे. दुकान म्हणावं असं तिथे काही नाही. एक लाकडी पेटी, पाण्याचं घमेलं, खिळ्यांवर टांगलेल्या रिमा आणि खांबाला साखळीने बांधलेला उभा पंप. बोर्ड नाही. गोव्यात हाताने काम करणाऱ्या कसबी माणसाला मेस्त म्हणतात, सुताराला, गवंड्याला, तसंच यालाही. मेस्त नऊला येतो, पण पंप रात्रभर बाहेर असतो. तो मुद्दाम बाहेर ठेवलेला असतो, कारण पहाटे साडेपाचला पोदेर, म्हणजे पाववाला, तिथे थांबतो. कॅरिअरवर पावाची पाटी, वर निळं प्लास्टिक, सगळा भार मागच्या चाकावर. दोन मिनिटं हवा भरून तो भोंपू वाजवत ताळगावच्या दिशेने निघतो. हिशेब संध्याकाळी होतो, कधी दोन उंड्यांवर, म्हणजे पावांवर, मिटतो.

ताळगावात माझ्या दारी सकाळी गरम पाव येतो, त्यात त्या पंपाचा वाटा आहे. मी स्वतः गेली अकरा वर्षं ताळगावहून पणजीतल्या शाळेत सायकलने जाते, शिकवते आणि परत येते. या अकरा वर्षांत पणजीत सायकलविषयी पुष्कळ बोललं गेलं. मार्गिकेचे आराखडे निघाले, रविवारच्या फेऱ्या निघाल्या, रस्त्यावर पांढऱ्या रंगात सायकलीची चित्रं काढली गेली. त्या सगळ्या बोलण्यात मेस्ताचा विषय एकदाही कानावर आला नाही. पणजीत, मडगावात, म्हापशात रोजची सायकल वाढावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी मार्गिकेइतकाच मेस्ताच्या जागेचा विचार केला पाहिजे, असं मला म्हणायचं आहे. रस्त्याला जसं गटार लागतं, दिवा लागतो, बसथांबा लागतो, तशी चालत जाण्याच्या अंतरावर दुरुस्तीची जागा लागते. तिच्या शेजारी चहाचं एक हॉटेल लागतं. ही चैन नव्हे, रस्त्याचाच तो भाग आहे.

आधी रविवारबद्दल बोलू, कारण गोव्यात सायकल म्हटलं की आज रविवारच डोळ्यांपुढे येतो. पहाटे मिरामारच्या सर्कलवर माणसं जमतात. डॉक्टर, बँकेतले, आयटीतले, निवृत्त फौजी, अलीकडे बऱ्याच बायका. तिथून कांपाल, पाटो, मग रायबंदरचा कॉजवे. १६३३-३४ साली पोर्तुगिजांनी बांधलेला हा सुमारे तीन किलोमीटरचा दगडी रस्ता अगदी सपाट आहे, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरं, खारफुटी. जुन्या गोव्याला वळसा घालून परत यायचं आणि पणजीत पातळभाजी-पावावर बसायचं. या मंडळींबद्दल मला आदर आहे. त्यांनी कितीतरी जणांना पुन्हा सायकलवर बसवलं, मला पण. त्यांच्यातले काही ब्रेव्हे करतात. फ्रान्समधल्या जुन्या परंपरेतून आलेल्या या लांब पल्ल्याच्या फेऱ्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. शर्यत नसते, वेळेत पोचायचं असतं, आणि वाटेत आपली सायकल आपणच सांभाळायची असते.

या ब्रेव्हेची एक रीत मला फार आवडते. मधल्या ठिकाणी थांबून आपण तिथे पोचल्याची खूण घ्यावी लागते, आणि ती खूण पुष्कळदा वाटेवरच्या हॉटेलातून मिळते, शिक्का म्हणून किंवा बिलाचा कागद म्हणून. म्हणजे शेकडो किलोमीटरांची ही सगळी शिस्त चहाच्या हॉटेलवाल्याच्या साक्षीवर उभी असते. रात्री दोनला कुणीतरी स्टोव्ह पेटवून जागं असतं म्हणून माणूस पुढे जातो. लांबच्या सायकलीला जे लागतं, तेच जवळच्या सायकलीलाही लागतं. फरक इतकाच की ६०० किलोमीटरवाल्याला त्याची किंमत पटलेली असते आणि शहर आखणाऱ्याला ती दिसत नाही.

२०१९पासून, मधली करोनाची वर्षं वगळता, मिरामारला आयर्नमॅनची अर्ध्या अंतराची स्पर्धा होते. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावणं. त्या सकाळी रस्ते बंद होतात, पोलीस चौकाचौकात उभे राहतात. मी दर वेळी टाळ्या वाजवायला जाते आणि पुढेही जाईन. पण तो दिवस एक गोष्ट सिद्ध करतो, ती आपण विसरू नये. मनात आणलं तर या शहराला सायकलीसाठी रस्ता मोकळा करता येतो. एक सकाळ जमतं ते शाळा सुटण्याच्या अर्ध्या तासात, शाळेच्या गल्लीपुरतं, का जमू नये? पोदेर, हॉटेलच्या स्वयंपाकघरात रात्रपाळी करून परतणारा पोरगा, इमारतीच्या कामावर जाणारा कर्नाटकातला किंवा झारखंडमधला मजूर, सिक्युरिटी गार्ड, ही पणजीतली रोज सायकल चालवणारी माणसं आहेत. रविवारच्या फोटोत ती नसतात. मेस्ताच्या पेटीपाशी मात्र तीच असतात.

आता दुरुस्तीबद्दल, कारण खरा अडसर तिथे आहे.

गोव्यात सायकल टिकवणं कोरड्या शहराइतकं सोपं नाही. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. समुद्राची खारी हवा बारा महिने. वर जांभ्याची तांबडी माती, ती ओली असताना गिलाव्यासारखी चेनवर बसते आणि वाळली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते. जूनमध्ये चांगली असलेली सायकल ऑगस्टमध्ये कुरकुरायला लागते. ब्रेकची केबल आवरणाच्या आत गंजते, बाहेरून काही दिसत नाही आणि एके दिवशी लिव्हर दाबल्यावर परत येत नाही. मेस्ताने मला एक गोष्ट शिकवली, ती मी आता माझ्या सातवीच्या मुलांना शिकवते. सायकलीच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे बारा इंचांत बरोबर चोवीस कड्या बसतात. बारा इंची फूटपट्टी चेनला लावायची. पहिली पिन शून्यावर ठेवली की चोवीस कड्यांनंतरची पिन बारावर यायला हवी. ती दीड मिलिमीटर, म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा, पुढे सरकली असेल तर चेन बदलायची वेळ आली. नाही बदलली तर ती फ्रीव्हीलचे दाते खाते, आणि मग एकट्या चेनवर भागत नाही. पहिल्यांदा मी पट्टी लावली तेव्हा मेस्त घमेल्यावरून न उठता म्हणाला, “टीचर, चेन गेल्या. दवरात, सांजे व्हरात.” चेन गेलीय, ठेवा, संध्याकाळी न्या. संध्याकाळी सायकल तयार होती. दुसऱ्या दिवशी शाळेत जायला मला स्कूटर काढावी लागली नाही. सगळी गोष्ट या ‘संध्याकाळी’ शब्दात आहे.

सायकल मोडली आणि ती संध्याकाळी मिळणार असेल तर माणूस सायकलवाला राहतो. ती मोडली आणि रविवारपर्यंत थांबून, गाडीच्या टपावर टाकून, हमरस्त्यावरच्या मोठ्या शोरूममध्ये न्यावी लागणार असेल, तर ती बाल्कनीत जाते. बाल्कनीत गेलेली सायकल मी फारशी परत आलेली पाहिली नाही. तिच्यावर आधी कपडे वाळत घातले जातात, मग टायर बसतो, मग ती भंगारात जाते. आपल्याकडे सायकली खपत नाहीत असं नाही, त्या बाल्कनीत मरतात.

चोडणचा एक प्रसंग सांगते. ऑगस्टची दुपार, पाऊस नुकता थांबलेला. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरून, पक्षी अभयारण्याच्या कडेने मी मयेच्या बाजूला निघाले होते आणि चेन तुटली. दीडेक किलोमीटर सायकल ढकलत एका वाड्यावर आले. तिथे एक पसरो होता, म्हणजे किराणा, चहा, बिस्किटं, मेणबत्त्या, सगळं एकाच फळीवर. दुकानातल्या आजींनी आधी मला बसवलं. “बस गो बाय, च्या घे.” मग आतून एक जुनी डबी आणली. शेजारचा मुलगा आला. चेन दगडावर ठेवून, खिळा आणि हातोडीने त्याने पिन सरकवली, मोडलेली कडी काढली आणि चेन दोन कड्यांनी आखूड करून जोडली. या सगळ्याला दीड तास लागला. तेवढ्या वेळात कळलं की वाड्यावरच्या सहा-सात मुलांकडे सायकली आहेत, त्यातल्या चार पंक्चर होऊन पडल्या आहेत, कारण पंक्चर काढायला फेरी ओलांडून जावं लागतं आणि बापाला रजेच्या दिवशीच वेळ होतो. तीस रुपयांच्या पंक्चरसाठी मुलं तीन-तीन आठवडे चालत शाळेत जात होती. त्या आजींच्या फळीवर एक पंप, सोल्यूशनची ट्यूब, रबराचे तुकडे आणि नट आवळायचे तीन पाने असते, तर चारही सायकली दुसऱ्या दिवशी चालू झाल्या असत्या. याला किती खर्च येतो? पणजीतल्या एका रविवारच्या ग्रुपच्या नाश्त्याच्या बिलापेक्षा कमी.

मला वाटतं सायकलवाल्यांनी मिळून हातात घ्यावं असं हे काम आहे. गोव्यात गावाच्या मध्यभागी तिंटो, म्हणजे बाजाराचा चौक असतो, तिथे पसरो असतो, तवेर्न म्हणजे दारूचं दुकान असतं, संध्याकाळी माणसं उभी असतात. या जागा आधीच आहेत, नव्या उभारायच्या नाहीत. हॉटेलवाल्याने एक पंप आणि एक डबी ठेवावी, भिंतीला सायकल टेकवायला आडवा पाइप लावावा आणि पाण्याचा नळ खुला ठेवावा, एवढं पुरे. त्याला बदल्यात गिऱ्हाईक मिळतं. पंक्चर वाळेपर्यंत बसलेला माणूस चहा घेतोच, चहाबरोबर मिरचीभजं घेतो, पुढच्या वेळी चौघांना घेऊन येतो. पणजीतल्या जुन्या भाजी-पावाच्या हॉटेलांनी हे आपसूक केलं आहे. घामाने भिजलेला माणूस आला म्हणून तिथे कुणी नाक मुरडत नाही, सुकी भाजी आणि बन संपले की टेबल सोडायची घाई करत नाही, हेल्मेट कुठे ठेवू असं विचारावं लागत नाही. आपुलकीचं हॉटेल म्हणजे माझ्या लेखी हेच. गेल्या काही वर्षांत बार्देश तालुक्यात जुनी घरं घेऊन जी देखणी कॅफे निघाली आहेत, त्यातल्या काहींत भिंतीवर शोभेला जुनी काळी सायकल टांगलेली पाहिली. बाहेर मात्र सायकल लावायला जागा नव्हती, आणि एका कॉफीचे पैसे मेस्ताच्या अर्ध्या दिवसाच्या कमाईएवढे होते. तशा कॅफेंना माझा विरोध नाही. भिंतीवरची सायकल खाली उतरवून दाराशी पंप ठेवला तर त्यांचीही आम्हाला गरज आहे.

एक गोष्ट बायकांसाठी स्पष्ट लिहायला हवी, कारण पुरुषांच्या लिखाणात ती येत नाही. लांब जायचं की नाही हे आम्ही पुष्कळदा चढावर किंवा उन्हावर ठरवत नाही, वाटेत स्वच्छ संडास आहे की नाही यावर ठरवतो. माझ्या ओळखीच्या दोघी केवळ यामुळे मिरामारच्या पुढे जात नाहीत. जी बाई हॉटेल चालवते आणि मागचं दार दाखवते, “जाऊन ये गो,” म्हणते, तिने गोव्यातल्या सायकलीसाठी मोठं काम केलं आहे.

आता मेस्त का नाहीसा होतोय ते पाहू. पहिलं कारण भाडं. सायकलचं पंक्चर काढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच स्कूटरचं काढायला लागतो, पैसे मात्र स्कूटरचे तिप्पट मिळतात. पणजीत चार फूट जागेचं भाडं भरायचं असेल तर कुणीही शहाणा माणूस स्कूटरकडे वळेल. दुसरं कारण मालाचं. पूर्वी बहुतेक सायकली एकाच घडणीच्या असत. काळी, २८ इंची चाकं, कोन-वाटी आणि छर्रे, कॉटर पिन, वाल ट्यूब. एका पेटीत सगळ्यांचं औषध मावायचं. आज एका रांगेत सहा सायकली उभ्या केल्या तर सहा तऱ्हा निघतात. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह, ज्यावर जुना पंप बसत नाही. डिस्क ब्रेक, त्यात केबलचे वेगळे आणि तेलाचे वेगळे. सात, आठ, दहा, अकरा चकत्यांचे गिअर, सात-आठला एकच चेन चालते, दहाची आणि अकराची मात्र वेगळ्या रुंदीची. वर ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून येते, थोडी जोडलेली, थोडी सुटी, बरोबर एक एल-पाना. घरी जोडताना हँडल नीट आवळलं जात नाही, पेडल उलट्या आट्यावर फिरवून क्रँकचे आटे जातात, आणि मग ती मेस्ताकडे येते. विकणारा कुठेच दिसत नाही, दोष मेस्ताच्या पदरी येतो. मेस्त म्हणतो, आता नवीन सायकल आली की पहिले दोन दिवस मी दुसऱ्याने केलेलं काम उसवतो.

२२ सप्टेंबर २०२५पासून सायकलींवरचा आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलं झालं. चेन थोडी स्वस्त झाली. पण चेन बसवणारा हात कुठे बसणार, हा प्रश्न करकपातीने सुटत नाही.

पुण्याचं उदाहरण आपल्या सगळ्यांना जवळचं आहे. सायकलींचं शहर म्हणून ज्याची ओळख, तिथे २०१७च्या अखेरीला ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली रस्त्यावर आल्या. रंगीत, जीपीएसच्या. दोन-तीन वर्षांत त्या गेल्या. चोरी झाली, मोडतोड झाली, कंपन्यांची गणितं बदलली, कारणं अनेक होती. पण फुटपाथवर चेन उतरलेल्या, सीट नसलेल्या पडून राहिलेल्या सायकली ज्यांनी पाहिल्या त्यांना एक गोष्ट कळली असेल. त्या सायकलींना गल्लीत कुणी वाली नव्हता. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला त्यांना हात लावायची मुभा नव्हती आणि कंपनीचा माणूस दूर होता. उद्या पणजीत अशी योजना आली, आणि ती येईल, तर करारात पहिली अट ही हवी की दुरुस्तीचं काम वॉर्डातल्या मेस्तांना मिळेल.

माझं हे म्हणणं काहींना पटत नाही आणि त्यांचे मुद्दे हलके नाहीत. ते म्हणतात, आधी जीव वाचवा, मग पंक्चर काढा. गोव्यात गेली काही वर्षं दर वर्षी अडीचशेहून अधिक माणसं रस्त्यावर मरतात, मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा. नोंदलेली वाहनं राज्याच्या लोकसंख्येहून जास्त झाली आहेत. २०१९ साली मांडवीवर अटल सेतू झाला, त्यावर दुचाकीला जाता येत नाही, म्हणजे सायकलवाल्याने जुन्या पुलावरून ट्रक-बसच्या बाजूने जायचं. अशा रस्त्यावर मेस्त काय करणार? हे खरं आहे. मी स्वतः पर्वरीच्या चढाला अजून जात नाही. वेग हा यातला मुख्य प्रश्न आहे आणि त्यावर उत्तर माहीत आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे नववीच्या पुस्तकात आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने जाहीर केलं की चालणारी आणि सायकलवर जाणारी माणसं जिथे गाड्यांत मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी. मळा, फोन्तेन्हास, सांतिनेज, कांपाल इथे ३०ची मर्यादा लावायला एक पैशाचं काँक्रीट लागत नाही. ती लावा, ती पाळायला लावा, आणि मेस्ताला जागा द्या. ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत. सायकली रस्त्यावर वाढल्या की गाडीवाल्याला त्यांची सवय होते, आणि त्या वाढायला त्या आधी चालू स्थितीत असाव्या लागतात.

दुसरे म्हणतात, गोव्यात चढ आहेत, घाम येतो, पाऊस पडतो. आल्तिनो चढ आहे, कबूल. पण मिरामारहून कदंबाच्या बसस्टँडवर जायला चार-पाच किलोमीटर सपाट रस्ता आहे. पावसात मी रेनकोट घालते. पावसात स्कूटरवालाही भिजतोच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. एका सहकारी शिक्षकाने विचारलं, तुम्ही मेस्ताचं कौतुक करता, पण त्याचा मुलगा हे काम करायला तयार आहे का? नाही. तो एका हॉटेलात रिसेप्शनला आहे आणि तिथे पगार बरा आहे. मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू की बापाची पेटी सांभाळ? म्हणून कौतुक पुरे, पैशांचं बोलू या. लाखाची सायकल घेणारी माणसं पन्नास रुपयांसाठी मेस्ताशी घासाघीस करताना मी पाहिली आहेत. मोठ्या शोरूममध्ये तेच काम शांतपणे हजाराच्या पावतीवर होतं. चाकाचा आऊट काढणं, एकेक आरा ऐकत, चिमटीत धरत, रिम केसाएवढी सरळ आणणं, हे कसब आहे आणि त्याचा दर कसबाचा हवा. आमच्या ग्रुपने ठरवलं की मेस्ताकडे दरपत्रक लावायचं आणि त्यावर कमी-जास्त बोलायचं नाही. वर्गणीतून त्याला दोन गोष्टी आणून दिल्या. तेलाच्या ब्रेकमधली हवा काढायचा संच, आणि चेन तोडायचं चांगलं हत्यार. एका रविवारी ग्रुपमधल्या एका इंजिनिअरने त्याला तेलाचे ब्रेक दाखवले, आणि त्याने आम्हाला आऊट काढायला शिकवलं. त्यानंतर ग्रुपमधली निम्मी कामं शोरूमऐवजी त्याच्याकडे येऊ लागली. त्याची कमाई वाढली. मुलगा परत आला नाही, पण गेल्या मेमध्ये दहावी झालेला एक मुलगा दोन महिने त्याच्या हाताखाली होता.

आणि आता जागेचा प्रश्न खरोखरच दाराशी आला आहे. ते जुनं घर विकलं गेलं आहे. पावसाळ्यानंतर ते पाडून तिथे इमारत होणार, तेव्हा पडवीही जाईल आणि फुटपाथही.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१४चा पथ विक्रेता कायदा आपण भाजीवाल्यांचा आणि कपडेवाल्यांचा समजतो. पण त्यात विक्रेत्याची जी व्याख्या आहे, तिच्यात रस्त्यावर बसून लोकांना सेवा देणाराही येतो. न्हावी, चांभार, तसाच सायकलचा मेस्त. या कायद्याप्रमाणे शहर विक्रेता समितीने निदान पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षण करायचं, प्रमाणपत्र द्यायचं, आणि पालिकेने शहराच्या आराखड्यात जागा ठरवायच्या. या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्यात, असंही त्यात लिहिलं आहे. प्रमाणपत्र हाती असेल तर २०२०पासून चालू असलेल्या स्वनिधी योजनेतून तारणाशिवाय छोटं कर्ज मिळतं. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसं हलवायचा विचार केला होता, आणि त्या धोरणाला जर कुठे पाय फुटायचे असतील तर ते अशा एका प्रमाणपत्रातून फुटतील. मार्केटच्या बाहेर, कदंब स्टँडच्या भिंतीला लागून, फेरीच्या धक्क्यावर, प्रत्येक हायस्कुलाच्या फाटकाशी सहा बाय चार फूट जागा, वर पत्रा, एक नळ, एक पंप. पणजीत अशा दहा जागा झाल्या तर मी म्हणेन सायकलीचं शहर सुरू झालं. ज्या कंत्राटात फुटपाथ, दिवे आणि बाक येतात, त्याच कंत्राटात हे सहा बाय चार बसतं.

गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी मेस्ताचा अर्ज भरायला बसले. पेटीवर कागद ठेवला होता, बाजूला घमेल्यात ट्यूब बुडबुडे सोडत होती. आधार, फोटो, जागेची खूण, किती वर्षं बसता, हे भराभर झालं. पुढचा रकाना होता, विकल्या जाणाऱ्या वस्तू. भाजी, फळं, फुलं, मासळी, कपडे, इतर. मी ‘इतर’वर खूण करायला पेन टेकवलं तेव्हा त्याने ट्यूब खाली ठेवली आणि हात पुसले.

“टीचर, हांव माल विकना,” तो म्हणाला. “काम करतां. तें बरयात.” काम करतो, ते लिहा.

मी रकान्याच्या शेजारी, समासात, मोठ्या अक्षरांत सायकल दुरुस्ती असं लिहिलं. सोमवारी शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही दोघं तो अर्ज द्यायला जाणार आहोत.